रान मोडून घर बांधण्याचें मोल

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेला प्रवासी सुमारें पन्नास किलोमीटर चालून आला म्हणजे नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळास पोहोंचतो. या गांवाची जागा मोठी विचार करण्यासारखी आहे. पश्चिमेस भोरचीं मावळें. त्यांत ऐन, हिरडा, जांभूळ, किंजळ यांची झाडी. नीरेच्या खोऱ्यास पूर्वीं हिरडस मावळ म्हणत. त्या नांवांतच हिरडा दिसतो. पूर्वेस फलटणच्या बाजूला गेलें कीं मुलूख उघडा आणि कोरडा होत जातो; बाभूळ, बोर आणि लिंब एवढींच झाडें सोबतीला राहतात. शिरवळ या दोन मुलुखांच्या उंबरठ्यावर बसलेलें गांव आहे. म्हणून रान किती मोडावें, किती राखावें आणि मोडण्याचा खर्च कोणीं सोसावा, हे प्रश्न या टापूंत शतकानुशतकें विचारले गेले.

आज हेच प्रश्न शहरांतील सुशिक्षित कुटुंबें निराळ्या रीतीनें विचारतात. महामार्गापासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशीं, दहा-वीस झाडें असलेला एखादा जमिनीचा तुकडा घेतला जातो. तेथें लहानसें घर बांधावें, सुटीच्या दिवशीं मुलांना घेऊन जावें, असा बेत असतो. मग ठेकेदारास बोलावून विचारतात, "जागा साफ करण्यास काय पडेल?" तो झुडपें काढण्याचे इतके, झाडें पाडण्याचे इतके, बुंधे उपटण्याचे इतके आणि जमीन सपाट करण्याचे इतके, असा चार ओळींचा आंकडा लिहून देतो. त्याच्या आंकड्यांत लबाडी असतेच असें नाहीं. परंतु तो हिशेब चार दिवसांचा असतो. या मुलुखाच्या इतिहासांत ज्यांनीं ज्यांनीं हा हिशेब जाणतेपणानें केला, त्यांनीं तो दिवसांत मांडला नाहीं, वर्षांत मांडला. तो जुना हिशेब आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

आरंभ अगदीं जुन्या रहिवाशांपासून करूं. शिरवळजवळच्या डोंगरांत बौद्ध लेणीं आहेत. घाटावरून कोंकणाकडे जाणाऱ्या वाटांच्या आसपास भिक्षूंनीं पावसाळा काढण्यासाठीं अशीं निवासस्थानें खोदविलीं, हें सर्वांस ठाऊकच आहे. खडकांतील या खोल्यांना ना तुळई लागली, ना खांबासाठीं लांकूड. छिन्न्या पाजवावयास कोळसा लागला असेल तेवढाच. रानाच्या कुशींत राहूनहि रानाला फारसा धक्का न लावणारें घर असूं शकतें, याचा हा आपल्याकडील जुना दाखला होय. अर्थात् संसारी माणसास लेण्यांत राहतां येत नाहीं. त्याला अंगण हवें, गोठा हवा, शेत हवें. आणि तेथूनच कुऱ्हाडीचें काम सुरू होतें.

कुऱ्हाडीच्या या कामाची जुनी हकीकत पंधराव्या शतकांतील आहे. इ. स. १३९६ पासून १४०७ पर्यंत महाराष्ट्रावर दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, असें परंपरा सांगते. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. माणूस निघून गेला म्हणजे रान परत येतें. शेतांत झुडपें वाढतात, सीमेचे दगड झाकले जातात, वाटा बुजतात. ग्रँट डफ हा पुढें साताऱ्यास रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें लिहिलें आहे कीं, १४२९ सालीं बहामनी दरबारानें हा मुलूख पुन्हां वसविण्यासाठीं मलिक-उत्-तुज्जार याच्याबरोबर दादू नरसू काळे नांवाचा एक अनुभवी ब्राह्मण कारकून आणि दरबारांतील एक तुर्की खोजा यांना पाठविलें. खटाव आणि महादेवाचे डोंगर येथील लुटारूंचा बंदोबस्त करून ते वाईच्या बाजूस आले. पाहतात तों जुन्या गांवांच्या शिवा कोठेंच सांपडेनात. तेव्हां दादू नरसूनें दोन-दोन तीन-तीन गांवें मिळून एकेक नवें गांव केलें, आणि जो कसावयास तयार असेल त्याला जमीन दिली.

या व्यवस्थेंतील साऱ्याची अट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या वर्षीं सरकारास कांहींच द्यावयाचें नाहीं. दुसऱ्या वर्षीं बिघ्यास एक तोबराभर धान्य द्यावयाचें. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडास चंदी खाण्यासाठीं बांधतात ती पिशवी. आज हें वाचून सरकारच्या उदारपणाचें कौतुक वाटतें. पण यांत उदारपणापेक्षां व्यवहार अधिक होता. ज्यानें रान मोडलें त्याच्या हातीं पहिल्या वर्षीं घामावांचून कांहीं लागत नाहीं, हें दरबारास पुरतें ठाऊक होतें. त्याच्याकडे त्या वर्षीं सारा मागितला, तर तो कुऱ्हाड टाकून निघून जाईल. मग रानहि पडून राहील आणि साराहि बुडेल. म्हणून रान मोडण्याचा खर्च सरकारनें आपल्या खजिन्यावर घेतला. तो रोख पैशानें दिला नाहीं. वर्षें सोडून दिलीं, आणि त्या रूपानें दिला.

दोनशें वर्षांनीं हाच प्रसंग पुन्हां आला. इ. स. १६३० च्या सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें जाळलें. त्याच वेळीं मोठा दुष्काळ पडला. मावळांत वस्ती विरळ झाली आणि लांडग्यांचा उपद्रव वाढला. शहाजीराजांच्या जहागिरीची व्यवस्था दादोजी कोंडदेव यांच्याकडे आली, तेव्हां त्यांनीं लांडगे मारणारास बक्षिसें दिलीं, मावळ्यांना कौल देऊन बोलावलें, आणि पडीत जमिनीवर 'इस्तावा' बसविला. कौल म्हणजे अभयपूर्वक दिलेलें वचन. इस्तावा म्हणजे वर्षावर्षानें चढत जाणारा सारा. पहिल्या सालीं नाममात्र, पुढील सालीं थोडा अधिक, असें करीत करीत कांहीं वर्षांनीं तो मलिक अंबरानें बांधून दिलेल्या पूर्ण धाऱ्यापर्यंत पोहोंचे. पुण्याहून शिरवळास येतांना वाटेंत लागणारें शिवापूर हें त्याच काळांतील वसाहत होय. तेथें दादोजींनीं आंबराई लावली. म्हणजे ज्या हातांनीं रान मोडविलें, त्याच हातांनीं झाडेंहि लावविलीं.

इस्ताव्यास इतकीं वर्षें कां दिलीं जात, याचें कारण कागदांत शोधण्यापेक्षां जमिनींत शोधावें. रान मोडण्याची जुनी रीत अशी: हिंवाळ्यांत झाडी तोडावयाची, ती उन्हांत वाळूं द्यावयाची, पावसापूर्वीं जाळावयाची आणि राखेंत पेरावयाचें. झाड एका दिवसांत पडतें. बुंधा मात्र जमिनींतच राहतो. तो उपटावयाचा तर बैल, पहारी आणि पुष्कळ माणसें लागतात. म्हणून शेतकरी बुंध्यांना वळसा घालून नांगर चालवी आणि मुळें आपोआप कुजण्याची वाट पाही. ऐनासारख्या कठीण झाडाचीं मुळें कुजावयास कित्येक पावसाळे जावे लागतात. तोंवर जमिनीचा पुष्कळसा भाग नुसता नांवालाच शेत असतो. इस्ताव्याची चढती पायरी आणि मुळें कुजण्याची गति यांची सांगड मला येथें दिसते. सारा ठरविणारा जमिनीकडे पाहून ठरवीत होता.

याच काळीं शिरवळ इतिहासांत मोठ्या प्रसंगानें येतें. नीरेकांठच्या सुभानमंगळ या भुईकोटाभोंवती १६४८ सालीं शिवाजीमहाराज आणि विजापूरचा सरदार फत्तेखान यांच्या माणसांत झुंज झाली, आणि तो कोट महाराजांच्या लोकांनीं परत घेतला. त्या विजयामागें नव्यानें वसलेल्या मावळांतील माणसें होतीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. लांडग्यांच्या रानांत कौल घेऊन ज्यांनीं घरें मांडलीं, त्यांच्या घरांतूनच स्वराज्याचे शिपाई निघाले. तेव्हां रान मोडणें वाईटच, असें एकदम म्हणण्याचें धाडस कोणीं करूं नये. प्रश्न नेहमीं एवढाच असतो कीं, काय दिलें आणि काय मिळालें याचा हिशेब पुरा केला कीं अर्धाच ठेवला.

त्या काळच्या गांवकऱ्यांनीं हा हिशेब आपल्या परीनें पुरा केला होता. गांव वसवितांना कांहीं भाग देवाच्या नांवानें राखीत. तेथें कुऱ्हाड न्यावयाची नाहीं, पडलेलें लांकूडहि पुष्कळ ठिकाणीं उचलावयाचें नाहीं. हीच देवराई. भोर-वेल्ह्याच्या बाजूस अशा देवराया आजहि आहेत. १९७० नंतरच्या दशकांत वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हां भोंवतालच्या डोंगरांवरून नाहींशा झालेल्या वनस्पति या लहानशा तुकड्यांत टिकून असलेल्या आढळल्या. देवाच्या धाकानें राखलें असें कोणी म्हणो. पण गांवचा झरा बहुधा त्याच झाडींतून निघे, हेंहि राखणारांस समजत असलें पाहिजे.

सरकारी पातळीवर हाच विचार सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडलेला सांपडतो तो रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत. हा ग्रंथ इ. स. १७१५ च्या सुमाराचा. आरमारासाठीं तक्ते, सोटे, डोलकाठ्या हव्या होत्या, आणि आंबा-फणसाचें लांकूड त्या कामीं येणारें होतें. अमात्य म्हणतात, तीं झाडें तोडूं देऊं नयेत. त्यांचीं कारणें तीन. तीं झाडें वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं पोटच्या मुलांप्रमाणें दीर्घकाळ वाढविलेलीं असतात. आणि एकाला दुःख देऊन केलेलें काम करणारासकट लयास जातें. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल, तर धन्यास राजी करून, त्याला मोल देऊन, त्याचा संतोष झाल्यावर तोडावें. गडाभोंवतालची झाडी तर जतन करून राखावी, कारण तीच गडाची एक तटबंदी.

येथें झाडाचें मोल तीन पदरांचें झालें आहे. लांकडाची किंमत हा पहिला पदर. झाड वाढावयास लागलेलीं वर्षें हा दुसरा. ज्यानें तें वाढविलें त्याचें मन हा तिसरा. आपला ठेकेदार यांपैकीं पहिलाच पदर मोजतो. तोहि उलट्या बाजूनें मोजतो. लांकूड कोणी घेऊन गेलें तर दोन पैसे कमी लावतो.

अर्धा हिशेब कसा असतो, याचें एक नामांकित उदाहरण पुण्यांतलेंच आहे. थोरल्या बाजीरावांनीं शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारींत घातला आणि १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांत केली. मूळ वाड्यास १६,११० रुपये खर्च आला, अशी नोंद सांगतात. सागवान जुन्नरच्या जंगलांतून आलें, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीहून. आंकडा रुपयापर्यंत नेमका आहे. पण जुन्नरचें रान किती विरळ झालें आणि चुन्याच्या भट्ट्यांनीं किती लांकूड खाल्लें, हें त्या सोळा हजारांत नाहीं. कोणत्याच वाड्याच्या हिशेबांत तें नसे. घर रानाला तीनदां खातें: एकदां जागेसाठीं, एकदां तुळया-खांबांसाठीं, आणि पुढें रोज चुलीसाठीं. १८२८ सालीं वाड्याला आग लागली आणि तें सागवान जळून गेलें. सागाचें पुरतें वाढलेलें झाड होण्यास मनुष्याचें एक आयुष्य लागतें. त्याची राख होण्यास थोडे दिवस पुरले.

इंग्रजी अंमलांत आपल्या टापूंतील एका गांवाचा रानाच्या मोलाशीं थेट संबंध आला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. १८१८ नंतर नीरेच्या उत्तरेस इंग्रजांचा पुणें प्रांत आणि दक्षिणेस साताऱ्याचें राज्य, अशी हद्द झाली. १८२४ सालीं लॉडविक नांवाचा अधिकारी महाबळेश्वराच्या पठारावर चढून गेला. १८२८ सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम तेथें आला आणि त्यानें आरोग्यस्थान वसविण्याचें ठरविलें. जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची. मे १८२९ मध्यें तह होऊन तो डोंगराळ प्रदेश इंग्रजांकडे गेला, आणि त्याच्या बदल्यांत महाराजांना मिळालें खंडाळा गांव. हा खंडाळा बोरघाटांतला नव्हे. शिरवळ ज्या तालुक्यांत आहे त्या तालुक्याचें ठाणें तो हा खंडाळा. दोनशें इंचांहून अधिक पाऊस झेलणारें, कृष्णा-कोयनेचे उगम पोटांत बाळगणारें रान एका पारड्यांत, आणि सारा देणारें एक गांव दुसऱ्या पारड्यांत!

त्या वेळच्या समजुतीप्रमाणें हा सौदा बरोबरीचाच वाटला असेल. रान सारा देत नसे, म्हणून वहींत त्याची किंमत जवळजवळ शून्य. त्या रानांत पुढें माल्कमपेठ वसली, बंगले उठले. चिनी कैद्यांच्या हातून बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या गेल्या. परंतु नीरेकांठच्या कोरड्या गांवांपासून थेट सांगली-मिरजेपर्यंतचीं शेतें ज्या नद्यांवर जगतात, त्या सह्याद्रीच्या याच रानाळ माथ्यावरून उतरतात. त्या माथ्याची किंमत एका गांवाएवढी धरणें आज कोणास पटणार नाहीं. १७ जानेवारी २००१ रोजीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तेथील बांधकामांवर बंधनें घातलीं. पहिल्या तहानंतर पावणेदोनशें वर्षांनीं तो हिशेब असा दुरुस्त करावा लागला.

मधल्या काळांत रानाचा मालक कोण, हा वाद पेटला. १८७८ च्या कायद्यानें जंगलें राखीव झालीं. रान राखलें गेलें हें खरें. पण ज्यांनीं तें पिढ्यान् पिढ्या वापरलें होतें, त्यांच्या गुरांना चरावयास आणि चुलीला काटक्या वेंचावयास बंदी झाली. महात्मा फुले यांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. त्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्याच्या या जुलुमावर कडक टीका केली आहे. रान मोडण्याचा खर्च जसा कोणीतरी सोसतो, तसा रान राखण्याचा खर्चहि कोणीतरी सोसतो. आणि तो बहुधा सर्वांत गरिबावर टाकला जातो, हें फुल्यांनीं दाखविलें. ही बाजू सोडून केलेला हिशेबहि अर्धाच म्हटला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें १९६४ सालीं वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा केला. त्याच्या यादींतील झाड आपल्या खाजगी जमिनींत असलें, तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. त्या यादींत साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ आहेत. आणि आंबा व फणस हेहि आहेत. अडीचशें वर्षांपूर्वीं अमात्यांनीं ज्या दोन झाडांसाठीं लेखणी झिजविली, तींच पुन्हां कायद्यांत आलीं. पुढें १९८० च्या केंद्रीय कायद्यानें वनजमीन इतर कामास वळविण्यावर निर्बंध आले. रानाची किंमत पैशांतहि काढावी, असा आग्रह सर्वोच्च न्यायालयानें धरला. २००८ सालीं हे दर रानाच्या प्रकाराप्रमाणें हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत ठरले, आणि २०२२ सालीं ते वाढविण्यांत आले. हे दर सरकारी वनासाठीं आहेत, घराच्या तुकड्यासाठीं नव्हेत. परंतु उभें रान म्हणजे रिकामी जागा नव्हे, ही गोष्ट अखेर रुपयांच्या भाषेंतहि मान्य झाली.

आतां डोंगराच्या पायथ्याशीं घेतलेल्या त्या तुकड्याकडे परत जाऊं. तेथील झाडें पाडलीं म्हणजे ठेकेदाराच्या चार ओळींपलीकडे खर्चाच्या आणखी ओळी उघडतात. उतारावरची माती मुळांनीं धरलेली असते. मुळें गेलीं कीं एक-दोन पावसाळ्यांत वरचा चांगला थर नीरेला मिळतो आणि खालचा मुरूम उघडा पडतो. मग दगडी बांध घालावा लागतो. बुंधा कापून त्यावर माती लोटली, तर तो आंत कुजतो, वाळवीला घर मिळतें आणि वरची फरशी खचते. सांवली गेल्यावर उन्हाळ्यांत घर तापतें, आणि जें झाड फुकट करीत होतें तें काम विजेच्या यंत्रांकडून विकत घ्यावें लागतें. शेवटीं हौसेनें रोपें आणून लावतात. त्यांना पहिलीं तीन-चार वर्षें उन्हाळ्यांत पाणी घालावें लागतें, आणि तेंहि पाणी बहुधा टँकरचें. तोडलेल्या झाडाएवढी सांवली त्या घरांतील मुलांना मिळावयाची नाहीं. मिळालीच तर त्यांच्या मुलांना मिळेल.

यावरून घर बांधूंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. दादू नरसूनें आणि दादोजींनीं माणसें वसविलीं, म्हणूनच हा मुलूख आपला झाला. पण त्यांची एक रीत घेण्यासारखी आहे. त्यांनीं नव्या वसाहतवाल्यास पहिलें वर्ष सोडून दिलें होतें. आजच्या घरमालकानेंहि पहिलें वर्ष जमिनीस सोडून द्यावें. एक पावसाळा त्या तुकड्यावर पाणी कोणत्या वाटेनें वाहतें तें पाहावें. एक उन्हाळा दुपारची सांवली कोठें पडते तें पाहावें. शेजारच्या गांवांतील वडीलधाऱ्यांस कोणतें झाड कोणाच्या आजानें लावलें तें विचारावें. मग घराचा नकाशा काढावा आणि तो झाडांच्या मधून काढावा. दहांपैकीं दोन झाडें पाडावीं लागलीं, तर तीं रीतसर परवानगीनें पाडावीं. पण त्या दोन झाडांचें वय आपल्या खर्चाच्या वहींत, रुपयांच्या रकान्याशेजारीं, आपल्या हातानें लिहून ठेवावें.